आप्पांची तीच गोष्ट

‘वडील तेच तेच सांगत बसतात आणि आमचे मात्र ऐकत नाहीत’, ही तक्रार समुपदेशक म्हणून पन्नाशीच्या आसपासच्या मुलामुलींकडून माझ्या कानावर सतत येते. त्यांतलेच एक गृहस्थ पुण्यात नोकरी करणारे. वडील, म्हणजे आप्पा, 78 वर्षांचे आणि मूळचे बीड जिल्ह्यातले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) काठी घ्या, मीठ कमी खा, असे काही म्हटले की आप्पा 1972 च्या दुष्काळावर येत: रस्त्याच्या कामावरची खडी, वाटली जाणारी सुकडी, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या घशाखाली न उतरणाऱ्या भाकरी.

“मला सगळं पाठ झालंय,” ते गृहस्थ वैतागून म्हणाले.

“मग सांगा, त्या खडीवर तुमच्या आई होत्या का?”

त्यांना सांगता आले नाही.

उतारवयात गतायुष्याकडे पुन्हा पुन्हा वळणे ही मनाची स्वाभाविक प्रक्रिया असून जुने न मिटलेले सल तिच्यातून वर येतात, असे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1963 मध्ये मांडले, आणि माझी भिस्त आजही बव्हंशी याच विचारावर आहे. म्हणून मी एवढेच सुचवले, की गोष्ट मध्येच तोडू नका, आजवर न विचारलेला एक प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. (हे गप्प बसणेच बहुतेकांना जड जाते.)

मुलाने घरी तोच आईबद्दलचा प्रश्न विचारला, तेव्हा आप्पा बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले आणि मग म्हणाले, “होती की. तू पोटात होतास. मुकादमाला म्हणायचं होतं, हिला हलकं काम द्या. मला मागायची लाज वाटली.”

हे ऐकले आणि काठीचे कोडे मला उलगडले. ज्या माणसाला आयुष्यभर मागण्याचीच लाज वाटली, त्याला मुलगा रोज ‘आधार घ्या’ म्हणून बजावत होता. आम्ही वाक्य बदलले: “आप्पा, भाजी घ्यायला माझ्याबरोबर येता का? मला चांगली गवार निवडता येत नाही.” त्या फेरीला काठी निमूटपणे बरोबर आली. मिठाचा वाद मात्र अजून चालू आहे आणि तो तसाच चालू राहील, असा माझा अंदाज आहे.

‘ऐकत नाहीत’ हे कित्येकदा शब्दशः खरे असते, हेही सांगायला हवे. वयोमानाने आधी उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येऊ लागतात, त्यामुळे ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने निसटतात आणि ओरडून बोलल्याने ती स्पष्ट होत नाहीत. टीव्ही बंद करून, समोर उजेडात बसून, सावकाश बोलावे आणि कानांची तपासणी करून घ्यावी.

मात्र वर्षानुवर्षे सांगितलेली जुनी आठवण वेगळी आणि दहा मिनिटांपूर्वी मिळालेले उत्तर विसरून तोच प्रश्न पुन्हा विचारणे वेगळे. असे वारंवार होऊ लागले, ओळखीचा रस्ता चुकू लागला किंवा पैशांचे साधे हिशेब जमेनासे झाले, तर समुपदेशकाच्या आधी डॉक्टरांकडे जावे.