इंडक्शन शेगडी घेताय? आधी प्लगची जागा पाहा
आपण नवी इंडक्शन शेगडी घेत आहात, तर तिच्या रंगरूपापेक्षा स्वयंपाकघरातील वायरिंगकडे आधी लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. 2000 वॅटची शेगडी 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर वीज ओढते. म्हणून मिक्सरसाठी असलेला 6 अँपिअरचा सॉकेट तिला चालत नाही, आणि एक्स्टेंशन बोर्ड तर मुळीच वापरू नये. 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, किमान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) एवढी व्यवस्था परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. जुन्या चाळींत आणि इमारतींत अर्थिंगची तार कित्येकदा फक्त सॉकेटपर्यंतच असते, पुढे कुठेच जोडलेली नसते, त्यामुळे ती मोजून तपासायला सांगावे. पहिले काही दिवस स्वयंपाक झाल्यावर, शेगडीतला पंखा थांबला की भिंतीवरचे बटण बंद करून, प्लगच्या वरच्या भागाला हात लावून पाहा. तो चांगलाच तापलेला असेल किंवा पिनांभोवती प्लास्टिक पिवळसर दिसत असेल, तर वापर तिथेच थांबवा.

शेगडीच्या खालून हवा आत जाते, म्हणून तिच्याखाली कापड किंवा वर्तमानपत्र अंथरू नये. भांडे सपाट बुडाचे आणि लोहचुंबक चिकटणारे हवे. काचेला तडा गेल्यास शेगडी लगेच बंद करावी. घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल, तर खरेदीपूर्वीच डॉक्टरांना विचारावे. स्वयंपाक संपल्यावर आतला पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचे बटण बंद करू नये.