सोपा, सोफा आणि फलकांवरचं 'रो-हाउस'

बेळगावातल्या शहापूरच्या एका बाईंचा प्रश्न आहे. घराच्या जुन्या खरेदीपत्रात 'सोपा' लिहिलाय, नव्या कागदात लेखनिकानं त्याचा 'सोफा' केला. बरोबर काय? आणि सोपा नि पडवी एकच का?

लेखनिकाला सांगा, घर विकतोय, सामान नव्हे. 'सोपा'च बरोबर, म्हणजे माजघराच्या पुढची बसायची दर्शनी जागा. (अवघड नसलेला तो सोपा वेगळा, त्यात शिरत नाही.)

एका निवृत्त गुरुजींनी मला ऐकवलं, हा शब्द 'सोपान'वरून आला. सोपान म्हणजे जिना, गुरुजी! जिन्यावर कोण पाहुण्याला बसवतं? शिवाय प्राकृतात मधल्या 'प'चा 'व' होतो : दीपाचा दिवा झाला, तसं सोपानाचं 'सोवाण' झालं. 'न' गळून 'प' जागेवर राहिला, हे कुठल्या नियमानं?

माझ्या मते सोपा आला अरबी 'सुफ्फा'वरून, फारसीमार्गे. सुफ्फा म्हणजे बसायचा उंच ओटा, सावलीचा. मदिनेच्या मशिदीतली निराश्रितांची सुफ्फा प्रसिद्धच आहे. फ चा प आपण सर्रास करतो : तफसीलचं तपशील झालं, कुफ्लचं कुलूप. आणि इंग्रजांचा सोफाही याच सुफ्फ्याचा, तुर्की-फ्रेंच वळणानं गेलेला. म्हणजे लेखनिकानं चूक केली ती भावकीतच! बेळगाव किल्ल्यातल्या सफा मशिदीशी मात्र नातं जोडू नका. तो 'सफा' स्वच्छतेचा, त्याचा धातू, म्हणजे अरबीतलं मूळ, वेगळा.

खरी गंमत पुढं आहे. सुफ्फा ज्या धातूचा, त्याच धातूचा 'सफ', म्हणजे रांग. नमाजाला उभ्या राहतात त्या रांगांना 'सफ'च म्हणतात. हल्ली प्रत्येक नव्या वसाहतीच्या फलकावर 'रो-हाउस' झळकतं, जणू रांगेतलं घर परवाच बोटीतून उतरलं. अहो, शहापूर-वडगावच्या गल्ल्या बघा! दोन घरांत एक भिंत, दर्शनी भाग चिंचोळा, आणि मागं आगगाडीसारखं : कट्टा, सोपा, माजघर, सैपाकघर, न्हाणी, परडं. बाजूला खिडकी पाडायची तर शेजाऱ्याच्या माजघरात उघडेल. उजेड पुढून, मागून, नाहीतर कौलात बसवलेल्या काचेतून. विणकराचा माग सोप्यात का, तर धागा दिसायला. 1865 मध्ये बासेल मिशननं मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, मग हळूहळू नळीची कौलं उतरली. आता स्लॅबानं मंगळुरीही उतरवली. सोप्याला लोखंडी जाळी लागली, आत स्कूटर उभी राहिली. तरी आजी अजून म्हणतेच, "चपला कट्ट्याखाली काढ नि सोप्यात बस की."

रांगेच्या धातूतून आलेला शब्द रांगेतल्या घराच्या तोंडाशी बसलाय, आणि आम्ही फलकावर 'रो' लिहितो!

हां, पडवी. तिचं छप्पर मुख्य छपराला खाली जोडलेलं असतं; सोपा मुख्य छपराखालीच. खरेदीपत्रात दोन्ही वेगळे मोजून घ्या.