पन्नाशीनंतर ऑनलाइन लेखनाचा क्लास लावून काही उपयोग होतो का?

प्रश्न असा आहे की वय 51, एमआयडीसीत नोकरी, वहीत पाच-सहा कथा लिहून ठेवल्यात पण कुणाला दाखवल्या नाहीत, तर आता ऑनलाइन कथालेखनाचा क्लास लावावा का, की या वयात नुसते पैसे पाण्यात. मी लावला होता, तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी असताना, म्हणून सांगते.

लावा. पण तिथं कुणी लिहायला शिकवेल असं धरून जाऊ नका. तिथं तुमचं लिहिलेलं तुम्हाला अजिबात न ओळखणारी माणसं वाचतात आणि कुठं कंटाळा आला ते सांगतात, मिळतं ते एवढंच, आणि मला विचाराल तर फी तेवढ्याचीच आहे. बाकी कथाबीज, पात्रचित्रण, संघर्ष, कलाटणी वगैरे जे काय स्लाइडवर दाखवतात ते यूट्यूबवर फुकट पडलंय.

माझं सांगायचं तर मी महसूल खात्यात. आधी तलाठी, मग मंडळ अधिकारी, म्हणजे लोक अजून सर्कलच म्हणतात ते. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण गावात जाऊन विचारा कोण म्हणतं ते.) तालुका सांगली जिल्ह्यातला पण दुष्काळी, जतच्या बाजूचा, त्यामुळं नोकरीभर लिहिलं काय तर टँकरचे प्रस्ताव, फेरफार, जबाब, पंचनामे. मराठी रोजच लिहीत होते. फक्त त्यात "मी" कुठं नव्हता, सगळं आपोआप "करण्यात आले", "निदर्शनास आले" असंच.

पहिला गृहपाठ होता लहानपणीचं घर. रात्री नऊला झूम, चौदा-पंधरा जण, ठाण्याचे, अमरावतीचे, पणजीची एक, दुबईची एक जी ऑफिसातनं परत येताना गाडीतनंच जॉइन व्हायची. सगळ्यांनी वाचायला सुरुवात केली आणि बघते तर निम्म्यांची घरं निसर्गाच्या कुशीत वसलेली. दहावीच्या निबंधात जे शिकवलं ते तीस-पस्तीस वर्षांनी जसंच्या तसं बाहेर आलं, झुळझुळ वाहणारी नदी, मायेची ऊब देणारी आजी, सगळं. माझ्यात निसर्गाची कूस नव्हती, माझ्यात वेगळंच होतं, मी लिहिलेलं "घराच्या मागील बाजूस परसदार होते. सदर परसदारात एक लिंबाचे झाड होते." मॅडमनी तिथंच थांबवलं, म्हणाल्या, ताई, हे सदर लिंबाचं झाड कुणाच्या नावावर होतं? सगळे हसले, मीपण हसले, पण त्या दिवसापासून सदर, उपरोक्त, तसेच, याबाबत ही मंडळी माझ्या लिखाणातनं हद्दपार झाली. ऑफिसात अजून लिहावीच लागतात, तो भाग वेगळा.

आता खरी गोष्ट सांगते जिच्यामुळं मी म्हणते की लावा.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला तो आठवत असेल. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 फुटांवर. पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला माणसं पुरेनात म्हणून आमच्यासारख्या दुष्काळी भागातल्या लोकांना नदीकाठच्या गावांत पाठवलं. ज्यांनी आयुष्यभर पाणी नाही म्हणून कागद रंगवले ते आता पाणी किती आलं ते लिहायला. पंचनाम्याचा नमुना छापील असतो. घर पक्कं का कच्चं, पूर्णतः नष्ट का अंशतः पडझड, जनावरं किती दगावली, त्यात दुभती किती आणि ओढकामाची किती, गोठा, झोपडी, भांडीकुंडी-कपडे गेले का. खाली पंचांच्या सह्या-अंगठे. एका घरी एका बाईंची शिलाई मशीन होती, गाळात बसलेली. मशीनला रकाना नव्हता. मी म्हटलं घरगुती वस्तूंत धरू, आणि पुढच्या घरी गेले, कारण त्या दिवसात अजून सगळी गल्ली बाकी होती.

क्लासमध्ये यावर लिहिलं. म्हणजे काय लिहिलं तर पुराने होत्याचे नव्हते केले, तिच्या डोळ्यांतही जणू महापूर दाटला होता, वगैरे दोन पानं. गूगल डॉक्सवर पाठवलं. मॅडमनी सगळ्या दोन पानांवर बाजूला एकच कमेंट टाकलेली, "मशीनवर काय होतं?" बास. मला राग आला खरं तर, एवढं मन लावून लिहिलंय आणि चांगलं नाही, वाईट नाही, नुसतं मशीनवर काय होतं. भाकरी करताना डोक्यात तेच. आणि मग आठवलं. सुई खाली होती आणि सुईखाली निळा स्कर्ट होता, शाळेचा, शिवण अर्धी झालेली, पायडलपर्यंत गाळ. झेडपीच्या शाळेचे गणवेश शिवायला घेतले होते तिनं, पंधरा ऑगस्टच्या आधी द्यायचे म्हणून. आणि ती मला मशीनचं विचारतच नव्हती, ती विचारत होती की लोकांचं कापड गेलं, त्याचं काय करू, ते भरून कोण देणार. हे सगळं मला माहीत होतं, मी तिथं उभी होते, ऐकलं होतं, पण रकाना नव्हता म्हणून कुठंच उतरलं नव्हतं, कागदावरपण नाही आणि माझ्या त्या दोन पानांवरपण नाही. दोन पानांत महापूर दोनदा आला होता आणि स्कर्ट एकदाही नाही.

परत लिहिलं तर सव्वा पान झालं. आणि गंमत म्हणजे त्यात मॅडमनी माझ्या पंचनाम्याच्या सवयी तशाच ठेवायला लावल्या. पूर्वेची भिंत, गाळ किती इंच, दाराच्या चौकटीवर पाण्याची रेघ कुठवर. म्हणाल्या, हे तुम्हाला जमतं ते या बॅचमध्ये कुणाला जमत नाही, तुम्ही ते टाकून देऊन अश्रू कशाला आणता. तर सांगायचं हे की तुमची एमआयडीसीतली नोकरी पण अशीच घेऊन जा वर्गात. शिफ्ट, मशीन, कँटीन, कॉन्ट्रॅक्टवरची पोरं, ओव्हरटाइमचा हिशोब, हे सगळं. मराठीत शाळामास्तरांच्या आणि प्राध्यापकांच्या हातचं लिखाण भरपूर आहे, लेथवर उभ्या राहिलेल्या माणसानं स्वतः लिहिलेलं त्या मानानं कमी आहे, असं माझं मत.

अजून एक गोष्ट जी आमच्या क्लासची मला फार आवडली. आपलं आपण वाचायचं नाही. पहिल्या दोन-तीन वेळा सगळे आपापलं वाचायचे आणि आवाजात चढउतार करून, जिथं पाहिजे तिथं गळा दाटून वगैरे, त्यामुळं सगळंच चांगलं वाटायचं. मग नियम आला की तुमचं दुसरा वाचणार. माझं अमरावतीच्या एका निवृत्त गुरुजींकडे आलं. त्यात संवाद आमच्याकडचे, "काय करालाईस गं", "आत्ता तर आलोय की" असले, आणि गुरुजी वऱ्हाडी ढंगात वाचतायत, इतकं हसू येत होतं की मी माइक बंद केला. पण जिथं जिथं ते अडखळले तिथं तिथं माझं वाक्यच वाकडं होतं हे समजलं, बोलीमुळं अडखळले नव्हते, बोली त्यांनी मजेत वाचली, मी मध्ये जी पाच ओळींची जोडवाक्यं घातली होती तिथं त्यांचा श्वास संपत होता.

बोलीवरनं आठवलं, आमच्यात पुण्याचे एक काका होते ते प्रत्येकाच्या लिखाणात ऱ्हस्व-दीर्घ काढायचे, कथा राहिली बाजूला. माझ्या संवादांवर पण आक्षेप. तर मॅडमनी शांतपणे सांगितलं की साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 चे आहेत, 1972 ला त्यात चार वाढवून अठरा झाले, आणि त्याच नियमांत पात्राच्या तोंडचं उच्चाराप्रमाणं लिहायची मोकळीक आहे. काका गप्प. पण काकांचं एक खरं होतं, निवेदन तरी शुद्ध पाहिजे, संपादकाच्या हातात गेल्यावर पहिली नजर तिथंच जाते.

आणि बॅचच्या व्हॉट्सॅप ग्रुपला घाबरून असा. तिथं कुणी काही टाकलं की अप्रतिम, निःशब्द, डोळ्यांत पाणी आलं, हात जोडलेले, टाळ्या, फुलं. सकाळी तेच सुविचारांना आलेलं असतं. आमच्याकडे वर्गात "छान" म्हणायला बंदी होती. कुठल्या ओळीला मोबाइल बघावासा वाटला ते सांगायचं. आधी फार जड जातं, विशेषतः आपल्याला, कारण समोरचा वयानं मोठा असला की आपण खोटं का होईना बरं बोलतो. पणजीच्या मुलीनं मला सांगितलं, काकी, तिसऱ्या परिच्छेदात मी चहा करायला उठले. मला ती आजही आवडते.

क्लास निवडताना हे बघा. बॅच पंधराच्या वर असेल तर तुमचं कुणी वाचणार नाही, ते भाषण होतं, भाषणाला एवढे पैसे द्यायची गरज नाही. लेखी कमेंट देतात का विचारा, "चर्चा होते" असं उत्तर आलं तर समजून जा. शिकवणाऱ्याचं लिहिलेलं काहीतरी आधी वाचा, नाही आवडलं तर त्याच्याकडे जाऊच नका, मग तो कितीही मोठा असो. झूमचं फुकट खातं चाळीस मिनिटांत बंद पडतं, त्यामुळं जे शिक्षक दर चाळीस मिनिटांनी नवीन लिंक पाठवतात त्यांच्याकडे वर्गाचा निम्मा वेळ "माझा आवाज येतोय का" यातच जातो. हे बारीक वाटतं पण रात्री नऊला दमून बसल्यावर लई जाणवतं.

टायपिंगचं टेन्शन घेऊ नका. फोनवर जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड, टाका, मराठी निवडा, बोलून पण टाइप होतं, पण बोललेल्यात स्वल्पविराम-पूर्णविराम आपणच नंतर घालायचे. वहीतल्या कथा अशाच एकेक बोलून उतरवा. उतरवताना स्वतःच्याच कानावर पडतात, त्यात निम्मी दुरुस्ती होऊन जाते. फक्त घरात टीव्हीवर सिरियल चालू असताना करू नका, माझ्या कथेत सासूसुनेचे दोन संवाद आपोआप घुसले होते.

आता एक सावध करायचं आहे. क्लास संपता संपता काहीजण म्हणतात, आपण सगळ्यांचा मिळून प्रातिनिधिक कथासंग्रह काढू, प्रत्येकी एवढे एवढे द्या, दोन प्रती आणि सन्मानपत्र मिळेल, आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचा, खर्च वेगळा. माझ्या ओळखीतल्या एकीनं भरले. आयएसबीएन भारतात फुकट मिळतो, केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची एजन्सी देते, त्याला कुणी पैसे मागत असेल तर तिथंच हात जोडा. पुस्तकाची घाई नकोच. आपल्याकडे सरळ रस्ता आहे, दिवाळी अंक. 1909 ला का. र. मित्रांनी मनोरंजन मासिकाचा काढला तेव्हापासून चालू आहे, आणि कितीतरी लिहिणारे घडले ते संपादकानं साभार परत पाठवताना कडेला जे दोन शब्द लिहिले त्यावरनं. आता संपादकाकडे ईमेलनं एवढ्या कथा येतात की तो बिचारा नाही म्हणून सुद्धा कळवत नाही. ते कडेचे दोन शब्दच आता आपण फी भरून घेतोय, असं मला तरी वाटतं, आणि त्यात वावगं काही नाही.

सरकारी नोकरीतलं कुणी हे वाचत असेल तर, मला बरेचजण विचारतात म्हणून सांगते, राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या 1979 च्या वर्तणूक नियमांत निव्वळ साहित्यिक लेखनाला मुभा आहे, कामातली माहिती बाहेर द्यायला नाही. मी गाव बदलते, नाव बदलते, कापडाचा रंगसुद्धा कधीकधी बदलते.

मला काय मिळालं विचाराल तर एक कथा एका जिल्हा पातळीवरच्या दिवाळी अंकात आली, मानधन नाही, अंक मिळाला. दुसरी कथा दोन ठिकाणी पाठवली, तिथनं काहीच कळलं नाही. बॅचमधले आम्ही पाचजण अजून महिन्यातनं एकदा भेटतो, शिक्षक नाही, फी नाही, दुसऱ्याचं वाचायचं आणि छान म्हणायचं नाही हे दोनच नियम.

तुम्ही लावणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारीच्या बॅचला लावा. दोनेक महिन्यांत संपतो, मग उन्हाळ्यात वहीतली एक कथा नीट परत लिहायला वेळ मिळतो, बऱ्याच अंकांचं साहित्य मागवणं जून-जुलैपासून सुरू होतं आणि ऑगस्टनंतर पाठवलेलं बहुतेक पुढच्या वर्षावरच जातं. फी एकदम जड वाटत असेल तर दोन हप्ते विचारा, आमच्याकडे मागणाऱ्यांना दिले होते.