वेताळाचा रंग आणि लायब्ररीचा शिक्का

नौपाड्यात अनेक वर्षं भाड्याने पुस्तकं देणारी लायब्ररी चालवलेल्या काकू जुनी कॉमिक्स आणि जुन्या सिनेमांविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.

प्रश्न : काकू, आमची चरईतली इमारत पुनर्विकासाला जाते आहे. माळा रिकामा करताना बाबांची पत्र्याची ट्रंक निघाली. आत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा! पानं पिवळी, पिना गंजलेल्या, काहींना मुखपृष्ठच नाही. भाऊ म्हणतो लॅमिनेट करू. मेहुणा म्हणतो विकून टाक, लाखात जातील. काय करू?
— एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : आधी भावाला आवरा. लॅमिनेट केलं की कागद गरम प्लॅस्टिकमध्ये कायमचा चिकटतो, पुन्हा बाहेर निघत नाही. आणि पिवळा पडायचा तो पडतच राहतो. वेताळ (इंग्रजीतला फँटम), जादूगार मॅन्ड्रेक यांच्या गोष्टींची ही कॉमिक्स वर्तमानपत्राच्या जातीच्या स्वस्त कागदावर निघायची. त्या लगद्यात लाकडातलं लिग्निन राहतं. त्याला हवा आणि उजेड लागला की पान आधी पिवळं होतं, मग पापडासारखं मोडतं. म्हणून उन्हात वाळवू नका. कोरडा दिवस बघून (म्हणजे आता नवरात्रानंतरच) पंख्यापासून लांब बसा आणि मऊ ब्रशने एकेक पान झटका. कसर पानांच्या घडीत, पिनेजवळ बसते.

गंजलेली पिन ओढू नका. आतल्या बाजूने तिचे पाय बोथट सुरीने सरळ करा, मग ती अलगद निघते. त्याच भोकांतून सुती दोरा घालून गाठ मारा. संग्राहक म्हणतील, मूळ पिना हव्यात. त्यांच्या घरी एसी असतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तरी ओला होतो, आणि पिनेचा गंज कागद खात जातो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर मुळीच नको, तिचा डिंक तपकिरी होऊन चित्रात उतरतो. पातळ कागदाची पट्टी आणि गव्हाच्या पिठाची खळ पुरते. जुने बाइंडर किडीसाठी खळीत मोरचूद घालायचे. तुम्ही घालू नका, कागदाला तो बाधतो. गठ्ठा लोखंडी कपाटात ठेवा, पण कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं नको.

राहिला मेहुणा. त्याने बहुधा सुपरमॅनची बातमी वाचली असणार. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा १९३८ चा पहिला अंक एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेला. तो अमेरिकेतला अंक, सुपरमॅनचं पहिलं दर्शन असलेला, आणि जपलेला. तुमचे अंक भावाबहिणींनी जेवताना वाचलेले. ट्रंकेत मार्च १९६४ चा पहिला अंक, वेताळाच्या पट्ट्याची गोष्ट, सापडला तर मात्र मेहुण्याला चहा द्या आणि मला कळवा.

प्रश्न : मी जुनी कॉमिक्स जमवतो. नुकताच मॅन्ड्रेकचा एक अंक चांगली रक्कम मोजून घेतला. उघडून बघतो तर थेट मॅन्ड्रेकच्या तोंडावर ठाण्याच्या एका लायब्ररीचा जांभळा शिक्का! अंकाची किंमत निम्मी झाली. लायब्ररीवाल्यांना काही वाटत नव्हतं का?
— एक संग्राहक, वाशी

उत्तर : शिक्का माझा असेल तर मॅन्ड्रेकची क्षमा मागते, तुमची नाही.

मे महिन्यात आमच्याकडे कॉमिक्सला एक दिवसाची मुदत असायची. एका दिवसात तो अंक घेणारा मुलगा, त्याची बहीण, खालच्या मजल्यावरची दोघं आणि कधी कधी आजोबा, एवढ्यांच्या हातून जायचा. मग कोणीतरी दुसराच मुलगा आणून द्यायचा. शिक्का नसेल तर परत येणारा अंक आपलाच, हे ओळखायचं कसं? म्हणून पहिल्या पानावर एक, शेवटच्यावर एक, आणि मधल्या एका ठरलेल्या पानावर तिसरा, गुपचूप. आमचं ते पान सतरावं. मुखपृष्ठ काढून, शिक्क्याचं पहिलं पान फाडून रद्दीत घातलेले आमचे अंक मी त्या सतराव्या पानावरून पकडलेत.

आणि शेवटचं पान फाडून नेणारा एक महाभाग दर उन्हाळ्यात असायचाच. मग पुढच्या मुलाला शेवट मी काउंटरवर तोंडी सांगायचे. मॅन्ड्रेकच्या झॅनाडू वाड्यात शेवटी काय झालं, हे नौपाड्यातल्या कित्येकांनी वाचलेलं नाही, माझ्याकडून ऐकलंय. माझ्या शेवटात मॅन्ड्रेकचा जोडीदार लोथार जरा जास्त भाव खायचा, कारण मला तो आवडायचा.

तुम्हाला कोरा अंक हवा होता. कोरा राहिला तो कोणीच न वाचलेला, दुकानातच पडून राहिलेला. तुमच्या अंकाचं सतरावं पान बघा आणि मला लिहा. शिक्का असेल तर तुम्ही दिलेल्या रकमेत मी एक पैसाही कमी म्हणणार नाही.

प्रश्न : काकू, बाबा म्हणतात वेताळाचा पोशाख निळा. मला इंटरनेटवर सगळीकडे जांभळा दिसतो. पैज लागली आहे.
— इयत्ता नववी, ऐरोली

उत्तर : बाबांना पैसे देऊन टाक, पण पुढचं ऐकवून अर्धे परत माग. ली फॉकने वेताळ फेब्रुवारी १९३६ मध्ये वर्तमानपत्रात सुरू केला तो काळ्या-पांढऱ्या पट्टीत. त्याच्या मनात पोशाख करडा होता. मे १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी निघाली आणि छपाईत तो जांभळा झाला. इटलीत तो लाल, स्वीडन-नॉर्वेत निळा. इंद्रजालमध्ये जुन्या अंकांत निळा आणि पुढे जांभळाही. जांभळा माणूस जंगलात लपतो कसा, असं दुसरीतल्या एका मुलाने मला काउंटरवर विचारलं होतं. मी त्याला पुढचा अंक दिला.

प्रश्न : नातू म्हणतो बहादूर सुपरहिरो नाहीच, त्याला शक्ती कुठे आहेत? मी काय सांगू?
— एक आजोबा, कोपरी

उत्तर : नातवाला सांगा, शक्ती तर वेताळालाही नाही आणि बॅटमॅनलाही नाही. बहादूर १९७६ मध्ये इंद्रजालमध्ये आला. लेखक आबिद सुरती, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. डाकू बापाचा मुलगा, बाप पोलिसांच्या गोळीने मेलेला, आणि हाच पुढे डाकूंविरुद्ध गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभं करतो. अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन्स! त्या काळात आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांनी आयांकडे असाच कुर्ता मागितला होता.

आणखी एक सांगा त्याला. हे आबिद सुरती आपल्या जिल्ह्यातलेच, मीरा रोडचे. २००७ मध्ये त्यांनी संस्था काढली आणि दर रविवारी प्लंबर सोबत घेऊन लोकांच्या घरचे गळके नळ फुकट दुरुस्त करू लागले. कॉमिक्स काढणाऱ्या माणसाचा असा उद्योग मला बहादूरपेक्षाही आवडतो.

प्रश्न : मित्र म्हणतो ‘झपाटलेला’ कल्ट नाही, कारण तो तुफान चालला होता. कल्ट म्हणजे आपटलेला सिनेमा. खरं काय?
— दोन मित्र, नेरूळ

उत्तर : तुमच्या मित्राची व्याख्या न्यूयॉर्कहून आली आहे. तिकडे ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ १९७५ मध्ये आपटला आणि १९७६ पासून मध्यरात्रीच्या खेळांना लोक नटूनथटून यायला लागले. आपल्याकडे ‘जाने भी दो यारों’ त्याला चालेल, १९८३ चा, एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाच्या पैशांत काढलेला, थिएटरात फारसा न चाललेला आणि पुढे दूरदर्शनने घरोघरी पोचवलेला. ‘ओम दर-ब-दर’ तर १९८८ चा, थिएटरात आला थेट २०१४ मध्ये. तो बघताना मी मध्ये मेथी निवडली, काही बिघडलं नाही.

पण आपल्याकडे मध्यरात्रीचे खेळ कुठे होते? आपला कल्ट केबलवर, दुपारच्या जेवणानंतर झाला. १९९३ मध्ये ‘झपाटलेला’ पाहिलेली माणसं आज तो मुलांना घेऊन बघतात आणि पुढचं वाक्य पात्राच्या आधी बोलतात. रामदास पाध्यांची ती बाहुली पाहून माझा भाचा आठवडाभर एकटा मोरीत गेला नव्हता. मित्राला म्हणावं, कल्टच आहे. त्याचा हट्टच असेल तर तो मध्यरात्री बघावा.

प्रश्न : ठाण्यात जुनी मराठी इंद्रजाल कुठे मिळतील?
— एक वाचक, वर्तकनगर

उत्तर : ठाण्यात रद्दीवाल्याशी ओळख ठेवा आणि इमारत पाडायला निघाली की त्याच्याकडे चक्कर मारा. नाहीतर माटुंग्याला किंग्ज सर्कलचे किंवा फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळचे फुटपाथवाले. भाव करताना चेहरा कोरा ठेवा. आणि चरईतल्या त्या वाचकाचा पत्ता मला विचारू नका, तिघांनी विचारून झालाय.