वाऱ्याने कळ येते, दाबल्यावर येत नाही, असं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईंचं वय ६३, तीन महिन्यांपासून उजव्या गालात विजेसारखी सणक जाते. दात घासताना, तोंड धुताना, पंख्याचा वारा लागला तरी. एक दाढ काढून झाली, दुखणं तसंच. गाल तळहाताने घट्ट दाबून धरला की मात्र काही होत नाही. आणि आता कुणी तरी 'चेहऱ्याची नस गेलीय' म्हणालं, म्हणून तोंड वाकडं होईल ही धास्ती. मी डॉक्टर नाही. २२ वर्षं न्यूरो-फिजिओथेरपी करते, आणि असे रुग्ण बरेच जवळून पाहिलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ती धास्ती काढून टाका. तोंड वाकडं होतं ते मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी सातव्या नसेमुळे, म्हणजे फेशियल नर्व्हमुळे. डोळा मिटणं, हसणं, गाल फुगवणं ही तिची कामं. शिवाय जिभेच्या पुढच्या भागाची चव आणि कानाजवळची चिमूटभर त्वचा तिच्याकडे असते. बाकी चेहऱ्याला जे जे कळतं, स्पर्श, गरम-गार, टोचणं, दुखणं, ते पाचव्या नसेला, ट्रायजेमिनल नर्व्हला. आपण दोघींनाही 'चेहऱ्याची नस' म्हणतो, तिथेच घोटाळा होतो. बुबुळाला कापसाची वात हलकेच लावली की पापणी मिटते, ही तपासणी तुम्ही पाहिली असेल. त्यात लागलं ते पाचवीला आणि पापणी मिटली ती सातवीने. तुमच्या आईंचं वर्णन पाचवीचं वाटतं.

आता ही पाचवी नस मेंदूच्या देठात, ब्रेनस्टेममध्ये शिरते तिथे काय होतं ते बघा. तुमच्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. कपाळ, गाल आणि खालचा जबडा अशा तिन्ही फांद्या एकत्र येऊन ती पॉन्स नावाच्या मधल्या भागात शिरते. शिरल्याबरोबर वाटा फुटतात. हलक्या, नेमक्या स्पर्शाचे धागे तिथल्या तिथे, पॉन्समधल्याच केंद्रात संपतात. दुखण्याचे आणि गरम-गारचे धागे मात्र खाली वळतात. पॉन्सच्या खालच्या भागातून, मेड्युलातून, उतरत उतरत ते मानेच्या वरच्या मणक्यांच्या पातळीपर्यंत मज्जारज्जूत जातात, तिथे निरोप पुढच्या पेशीच्या हवाली करतात, आणि मग तो निरोप दुसऱ्या बाजूला ओलांडून वर मेंदूकडे जातो. गालाचं दुखणं मेंदूला कळायच्या आधी मानेपर्यंत जाऊन येतं!

हे मला पुस्तकातून कळलं होतं, पण पटलं ते एका काकांमुळे. त्यांना मेड्युलाच्या उजव्या कडेला छोटा स्ट्रोक झाला होता. जर्मन डॉक्टर वालेनबर्ग यांनी १८९५ मध्ये वर्णन केलेला प्रकार. काका कॉटवर बसून डाव्या हातात स्टीलचा पेला धरून आरामात चहा पीत होते. काकूंनी पेला घ्यायला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. काकांच्या डाव्या हाताला गरम कळतच नव्हतं. मी कापूस आणि टाचणी घेतली. उजव्या गालावर कापूस फिरवला, लगेच म्हणाले, "कापूस आहे." त्याच जागी टाचणीचं टोक टेकवलं, "बोट लावलंत का?" डाव्या गालाला टाचणी छान टोचत होती. खाली उतरणारे धागे उजव्या बाजूला तुटले होते, पण स्पर्शाचं केंद्र वर पॉन्समध्ये शाबूत होतं. शरीराकडून येणारे दुखण्याचे धागे आधीच बाजू बदलून वर आलेले असतात, म्हणून चेहरा उजवा आणि हात डावा.

स्वीडनचे शल्यचिकित्सक ओलोफ श्योक्विस्ट यांनी १९३८ च्या सुमारास याच रचनेचा उपयोग केला. त्यांनी मेड्युलात तो उतरता पट्टा कापला. चेहऱ्याचं दुखणं शमलं आणि स्पर्श बऱ्याच अंशी टिकला. आज ती शस्त्रक्रिया क्वचितच होते, पण दोन वाटा वेगळ्या आहेत याचा याहून थेट पुरावा मला माहीत नाही.

मग आईंचं काय? वाटा वेगळ्या असल्या तरी पॉन्सपाशी, नस आत शिरते तिथे सगळे धागे एकाच जुडीत असतात. बऱ्याच रुग्णांमध्ये तिथे एखादी रक्तवाहिनी नसेला टेकून धडधडत असते. वर्षानुवर्षं घासून धाग्यांवरचं वेष्टण झिजतं आणि उघड्या धाग्यांमध्ये संदेश एकातून दुसऱ्यात उडी मारतात. वाऱ्याचा, ब्रशचा, पदराचा हलका स्पर्श आपल्या वाटेने निघतो आणि दुखण्याच्या वाटेवर जाऊन पडतो. ही कळ हलक्या स्पर्शाने पेटते, म्हणून घट्ट दाबलं तर येत नाही आणि झुळकेने येते. सणक गेल्यावर काही क्षण पुन्हा स्पर्श केला तरी काही होत नाही, हेही आईंना विचारून बघा. दाढेच्या ठणक्यात असं होत नाही. तो गरम-गारने, चावल्याने वाढतो आणि रात्री झोपू देत नाही.

कान किंवा मान दुखत असल्याचं त्या म्हणाल्या तर गोंधळू नका. सातव्या, नवव्या आणि दहाव्या नसेचे कानाकडचे थोडे धागे त्याच उतरत्या वाटेला मिळतात, आणि खालच्या टोकाला मानेच्या नसाही त्याच पेशींपाशी येतात. घशाचं दुखणं कानात आणि मानेचं कपाळात जाणवतं ते यामुळेच.

न्यूरोलॉजिस्टना दाखवा, आठवड्याच्या आत. ते बहुधा एमआरआय सांगतील. रक्तवाहिनी टेकलीय का, गाठ आहे का, एमएससारखा (मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्यात धाग्यांवरचं वेष्टण खराब होतं) आजार आहे का, हे बघण्यासाठी. दोन सणकांच्या मध्ये गाल बधिर असतो का हे ते विचारतील. बधिरपणा असेल तर आवर्जून सांगा, त्याने निदानाची दिशा बदलते. औषधांत सहसा पहिलं नाव कार्बामाझेपिनचं असतं. ते नुसतं दुखणं मारत नाही, उगाच पेटणाऱ्या धाग्यांना शांत करतं. साध्या वेदनाशामक गोळीने हे होत नाही. या वयात त्याने चक्कर येते, झोक जातो, रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून डोस हळूहळू वाढवतात आणि रक्त तपासतात. अंगावर पुरळ उठलं तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. औषधाने भागलं नाही तर रक्तवाहिनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा छोटा तुकडा ठेवायची शस्त्रक्रिया आहे. पण ते पुढचं.

तोवर ब्रशऐवजी कोमट पाण्याच्या चुळा, गार वाऱ्यात गालावर स्कार्फ, आणि कळ कशाने आली, किती सेकंद टिकली याची वहीत नोंद. आणि तिथली दुसरी दाढ काढू या असं कुणी म्हणालं, तर न्यूरोलॉजिस्टना दाखवेपर्यंत थांबा.