कॅलगरीत टोमॅटो लावण्याची वेळ रात्रीच्या थंडीवरून ठरवावी

नाशिकहून येऊन आपल्याला येथे पहिलाच वसंत ऋतू लाभला, एप्रिलमध्ये १८ अंशांचे लख्ख ऊन पाहून आपण टोमॅटोची रोपे वाफ्यात लावली, ती चार दिवसांत काळवंडून गेली आणि आता आपण विचारता की कॅनडातल्या या कॅलगरीत टोमॅटो लावायचा तरी केव्हा. मीही पहिल्या वर्षी हेच केले होते, त्यामुळे आपल्या हातून काही जगावेगळी चूक झाली असे मुळीच समजू नये.

त्या उन्हाने आपल्याला फसवले. रॉकी पर्वत ओलांडून येणारा चिनूक नावाचा कोरडा, उबदार वारा काही तासांत येथील तापमान कितीतरी अंशांनी चढवतो; पण तो थांबला की रात्री पुन्हा पाणी गोठते. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवरचे हे शहर असल्याने आणि हवा कोरडी असल्याने दिवसभराची ऊब सूर्यास्तानंतर टिकत नाही. टोमॅटो मुळात उष्ण प्रदेशातले झाड आहे. शून्याखाली ते मरतेच, पण १० अंशांखालच्या रात्री लागोपाठ आल्या तरी त्याची मुळे काम करेनाशी होतात, पाने जांभळट पडतात आणि वाढ पुढे दोन-दोन आठवडे खुंटून राहते. म्हणून दुपारचे तापमान पाहून निर्णय घेण्याची आपली सवय येथे सोडावी लागते.

येथील वसंतातला शेवटचा हिमदाह, म्हणजे पारा शून्याखाली जाऊन पाने करपवणारी रात्रीची थंडी, सरासरीने मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास होतो, आणि शरदातला पहिला सप्टेंबरच्या मध्याच्या आसपास. सरासरी म्हणजे हमी नव्हे, हे मात्र लक्षात असू द्यावे. २०१४ साली तर ८ ते १० सप्टेंबरदरम्यानच इतका ओला बर्फ पडला की शहरभर पानांनी भरलेल्या झाडांच्या फांद्या मोडून पडल्या. येथील जुने बागकामवाले २५ मेच्या आधीच्या सोमवारी येणाऱ्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीला लागवड करतात. पालक, मटार, कांदा यांच्यासाठी ती तारीख उत्तमच आहे, पण टोमॅटोसाठी मी आणखी आठ-दहा दिवस थांबतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात ऊबदार मातीत लावलेले रोप मेच्या मध्याला गारठ्यात लावलेल्या रोपाला बहुधा गाठते, आणि पुष्कळदा मागेही टाकते. मातीत चार बोटे खोल थर्मामीटर खुपसून सकाळी १५ अंश दिसतात का, ते पाहावे.

यावरून मागे मोजत आलो की बी पेरण्याची वेळ कळते. बाहेर लावण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी, म्हणजे मार्चच्या अखेरीपासून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, घरात बी टाकावे. फेब्रुवारीत पेरण्याचा मोह होतो, पण तेव्हा खिडकीतला प्रकाश इतका अपुरा असतो की रोपे उजेडाकडे ताणत लांबुळकी आणि लेचीपेची होतात. दिव्याखाली चौदा-सोळा तास ठेवली तरच ती खुजी आणि दणकट राहतात. तरीही एखादे रोप उंच झालेच, तर लावताना खालची पाने काढून खोड खोल पुरावे, कारण टोमॅटोच्या खोडालाही मुळे फुटतात. बाहेर लावण्यापूर्वी आठ-दहा दिवस रोपे कडक करावीत: पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग हळूहळू ऊन आणि वारा. येथील उंचीवरचे ऊन अंगावर घेण्याची सवय नसलेले पान एका दुपारीत पांढरे पडते.

आता जातीविषयी, कारण अर्धी लढाई येथेच जिंकली किंवा हरली जाते. बियांच्या पाकिटावर लिहिलेले फळ पिकण्याचे दिवस बी पेरल्यापासून मोजलेले नसून बाहेर लावल्यापासूनचे असतात, आणि तेही ऊबदार हवा गृहीत धरून. जुलैतही आपल्या रात्री १० अंशांच्या आसपास असतात आणि १३ अंशांखाली परागकण नीट काम करत नाहीत, म्हणून फुलगळ होते आणि वेळापत्रक लांबते. ८० दिवसांचा बीफस्टेक नावाचा मोठ्या, मांसल फळांचा टोमॅटो येथे हिरवाच राहतो, हे मी तीन वर्षे हट्टाने अनुभवले. ५० ते ६० दिवसांच्या जाती घ्याव्यात: आपल्याच अल्बर्टा प्रांतातील बीव्हरलॉजच्या संशोधन केंद्रातून आलेली ‘सब-आर्क्टिक प्लेंटी’, चेकोस्लोव्हाकियाची ‘स्तुपित्से’, किंवा लहान गोड फळांची ‘सनगोल्ड’. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात क्रेटमधून दिसतो तसा जाड सालीचा टोमॅटो येथे मिळावा, अशी अपेक्षा मात्र पहिल्या वर्षी ठेवू नये.

जागा दक्षिणेकडच्या भिंतीलगतची निवडावी. भिंत दिवसभर ऊन शोषून रात्री ऊब सोडते. काळ्या कुंड्यांतली माती लवकर तापते आणि गारपिटीच्या दिवशी त्या छपराखाली ओढताही येतात, जी सोय कॅलगरीत चैनीची नसून गरजेची आहे. थंड रात्री झाडांवर जुनी चादर टाकावी आणि ती जमिनीपर्यंत पोचू द्यावी, म्हणजे मातीची ऊब आत राहते. पानांना टेकलेले प्लास्टिक मात्र जिथे टेकते तिथेच पान जाळते.

फूल उमलल्यापासून फळ पिकायला सहा ते आठ आठवडे लागतात. तेव्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वेलासारख्या वाढणाऱ्या जातींचे शेंडे खुडून टाकावेत आणि नवी फुलेही काढावीत. त्यांतून आता काही निष्पन्न होणार नाही. सप्टेंबरमध्ये रात्रीच्या हिमदाहाचा इशारा आला की सारी फळे उतरवून घरात आणावीत. ज्यांवर हिरव्याची पांढुरकी झाक आली आहे, ती कागदात गुंडाळून, एखादे केळे सोबत ठेवून खोक्यात दोन-तीन आठवड्यांत पिकतात. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नयेत. जी गडद हिरवी आणि दगडासारखी कडक आहेत, ती पिकणार नाहीत. त्यांची दाण्याचे कूट, हिरवी मिरची आणि लसूण घालून चटणी करावी. आमच्या घरी सप्टेंबरचा तो आठवडा त्यासाठीच राखून ठेवलेला असतो.