माइक बदलण्याआधी डोळे मिटून ऐका

तुमची अडचण वाचली आणि लगेच ओळखीची वाटली. चित्रीकरणात बोलणाऱ्याच्या तोंडून चुकून 'गार' गेलंय, तुम्ही नंतर त्यावर 'बार' रेकॉर्ड करून चढवलाय, आणि बघणाऱ्यांना 'दार' ऐकू येतंय. इक्वलायझर (आवाजातला जाडबारीकपणा कमीजास्त करणारं साधन) फिरवून झाला, आता माइक बदलायचं म्हणताय. कृपा करून थांबा.

तो तुकडा डोळे मिटून ऐका. 'बार' स्वच्छ आला, तर आवाजात खोट नाही. मग चित्र बघत पुन्हा ऐका. आता 'दार' ऐकू आलं, तर हा मॅकगर्क परिणाम आहे, म्हणजे दिसणाऱ्या ओठांमुळे ऐकू येणारा उच्चारच बदलतो. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्ये 'ब'चा आवाज 'ग'च्या ओठांवर बसवून नेमका हाच 'द' दाखवून दिला होता. 'ब' म्हणायला ओठ मिटावेच लागतात. ते मिटलेले दिसले नाहीत, की मेंदू कान आणि डोळे दोघांनाही पटेल असा मधला उच्चार धरतो. कारण कळल्यावरही भास जात नाही. सगळ्यांना तो सारखा होतो असंही नाही, त्यामुळे एखाद्याला 'बार'च ऐकू आलं तर तो खोटं बोलत नाहीये.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चित्र बघत आवाज दुरुस्त करणं. माझेही पैसे इथेच गेले. दुरुस्ती केंद्राने क्लिप ऐकायचीही तसदी न घेता माइकची कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा भाग, बदलली आणि 'द' होता तिथेच राहिला. याचा राग अजून आहे.

उपाय चित्रात आहे. त्या शब्दावर हाताचा किंवा वस्तूचा क्लोजअप टाका; शब्दाच्या अर्धा सेकंद आधी सुरू करून शब्द संपल्यावर काढा. क्लोजअप नसेल तर शब्द बदला. उघड्या ओठांवर प, फ, ब, भ, म बसवू नका; त, द, न, क, ग बरेच खपून जातात. पार्श्वभूमीचा गोंगाटही कमी करा, कारण ऐकणं अवघड झालं की माणूस ओठांवर जास्त विसंबतो.

बाकीच्या डबिंगमध्ये 'ब', 'म'चे मिटलेले ओठ ज्या फ्रेमवर दिसतात तिथे आवाज जुळवा. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. आवाज चित्राच्या पुढे धावला तर ४५ मिलिसेकंदांच्या आसपासच खटकायला लागतो, मागे पडला तर साधारण १२५ पर्यंत लक्षात येत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा किंचित मागे ठेवा. ही जुळवाजुळव ब्लूटूथ हेडफोनवर नको, त्याचा स्वतःचाच उशीर कितीतरी फ्रेमचा असू शकतो. वायरचा हेडफोन घ्या.

सुरुवातीला जुळलेला आवाज शेवटाकडे सरकत असेल, तर मात्र दुखणं वेगळं आहे. फोनचं चित्रीकरण बऱ्याचदा बदलत्या फ्रेम रेटचं असतं, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हे मधेच कमीजास्त होतं. एडिटिंगआधी ते स्थिर रेटमध्ये बदलून घ्या.